मारिया माँटेसरी : चिमुकल्यांच्या जेवणाला शाळेत जागा देणाऱ्या डॉक्टर, मुलगा होता नगरच्या छावणीत

जेवणाची वेळ झाली की गावोगावच्या अंगणवाड्यांत सतरंजी अंथरली जाते. मुलं हात धुऊन ओळीने बसतात, श्लोक म्हणतात आणि मदतनीसताई खिचडी किंवा उसळ वाढायला घेतात. हे दृश्य इतकं सवयीचं झालंय की त्यामागे काही विचार आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळेतच, ठरलेल्या वेळेला, एकत्र बसवून, त्यांना मानवेल असं जेवण द्यावं, ही गोष्ट शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका इटालियन डॉक्टरबाईंनी तपशीलवार लिहून ठेवली होती. त्यांचं नाव मारिया माँटेसरी.

शहरातल्या इंग्रजी शाळांच्या पाट्यांवर हे नाव आता सर्रास दिसतं. त्यामुळे माँटेसरी म्हणजे श्रीमंतांच्या मुलांची महागडी शाळा, असा समज झालाय. पण त्यांचं काम सुरू झालं ते रोमच्या गरीब वस्तीत, मजुरांच्या मुलांमध्ये. आणि त्यांच्या आयुष्यातल्या एका मोठ्या प्रसंगाचा धागा थेट नगरपर्यंत येतो. ३१ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस. दुसऱ्याच दिवशी, १ सप्टेंबरला, आपल्याकडे पोषण सप्ताह सुरू होतो.

महिनाभराचा शिळा पाव

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या किआराव्हाले या लहान गावात झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकरीत होते, तर आई रेनिल्डे वाचनाची आवड असलेली आणि शिस्तीची. एकुलती एक मुलगी असूनही घरात फाजील लाड नव्हते.

त्यांच्या लहानपणची एक गोष्ट चरित्रकार आवर्जून सांगतात. महिनाभर बाहेरगावी राहून कुटुंब घरी परतलं होतं. छोट्या मारियाला कडकडून भूक लागली आणि तिने खायला हवं म्हणून धोशा लावला. आईने जरा थांबायला सांगितलं, पण ती काही ऐकेना. शेवटी आईने कपाटात राहून गेलेला महिनाभराचा शिळा, कडक पावाचा तुकडा तिच्या हातात दिला. थांबता येत नसेल तर हा खा, एवढाच त्याचा अर्थ.

आजच्या आयांना ही गोष्ट कठोर वाटेल. पण पोर रडलं की हातात काहीतरी कोंबायचं, हा मार्ग त्या घरात नव्हता. जेवणाला वेळ असते, हा धडा मारिया यांना घरातच मिळाला. पुढे डॉक्टर झाल्यावर त्यांनी त्याच गोष्टीला शास्त्राचा आधार दिला.

मुलगी शिकून फार तर शिक्षिका होणार, असा तो काळ होता. मारिया यांनी आधी तांत्रिक शाळेत शिक्षण घेतलं आणि नंतर वैद्यकीय शिक्षणाचा हट्ट धरला. वडिलांना ते पसंत नव्हतं. मुलांबरोबर शवविच्छेदन करणं मुलीला शोभत नाही, म्हणून त्यांना ते काम इतर विद्यार्थी गेल्यावर, संध्याकाळी एकटीने करावं लागे. तरीही त्या मागे हटल्या नाहीत. १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या.

फरशीवरचे पावाचे कण

डॉक्टर झाल्यावर त्या रोममधल्या मनोरुग्णांच्या दवाखान्यात काम करू लागल्या. त्या काळी मतिमंद मुलांना वेड्यांच्या इस्पितळातच ठेवलं जाई. अशाच एका खोलीत काही मुलं कोंडल्यासारखी ठेवलेली होती. त्यांची देखभाल करणाऱ्या बाईने मारिया यांच्याकडे किळसेने तक्रार केली, की जेवण झालं रे झालं की ही पोरं जमिनीवर लोळून पावाचे सांडलेले कण गोळा करतात.

मारिया यांनी खोलीभर नजर फिरवली. खोली रिकामी होती. खेळणं नाही, भांडं नाही, हातात धरावं असं काहीच नाही. त्यांच्या लक्षात आलं की या मुलांची भूक फक्त पोटाची नाही. हाताला काही काम नाही, म्हणून ती कणांशी खेळताहेत. त्या मुलांना हाताळायला त्या खोलीत दुसरी वस्तूच नव्हती.

या निरीक्षणातून त्यांच्या कामाची दिशा ठरली. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांसाठी शाळा निघाली. तिथे मारिया यांनी दोन वर्षं मुलांना हाताने करायच्या वस्तू देऊन शिकवलं. ज्यांच्यावर समाजाने काट मारली होती, त्यातली काही मुलं चारचौघांसारखी लिहू-वाचू लागली आणि परीक्षाही पास झाली. लोक कौतुक करत होते. मारिया यांच्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न घोळत होता. ही मुलं एवढं करू शकतात, तर चांगली धडधाकट मुलं शाळांमध्ये मागे का पडतात?

आपलंच लेकरू दुसऱ्याच्या ताटावर

याच काळात त्यांच्या आयुष्यात एक दुःख आलं. त्याची वाच्यता त्यांनी कित्येक वर्षं केली नाही. सोबत काम करणारे डॉक्टर ज्युसेप्पे माँटेसानो यांच्यापासून त्यांना मुलगा झाला. ३१ मार्च १८९८ रोजी जन्मलेल्या या मुलाचं नाव मारिओ. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर त्या काळच्या इटलीत मारिया यांचं डॉक्टर म्हणून नाव आणि काम, दोन्ही संपलं असतं. बाळाला रोमजवळच्या खेड्यातल्या एका कुटुंबात वाढायला ठेवण्यात आलं. मारिया अधूनमधून भेटायला जात, पण मुलाला आई म्हणून ओळख देता येत नव्हती. पुढे १९०१ मध्ये माँटेसानो यांनी दुसरीशी लग्न केलं आणि मारिया यांनी ती संस्था सोडली.

जगभरच्या लेकरांनी काय खावं, कसं खावं, हे ज्या बाईंनी सांगितलं, त्यांचं स्वतःचं लेकरू मात्र पहिली पंधरा वर्षं दुसऱ्याच्या घरात जेवत होतं. आईच्या निधनानंतर, १९१३ च्या सुमारास, मारिओ त्यांच्याकडे राहायला आला. तरीही जगाला ओळख करून देताना तो कधी भाचा, कधी मानलेला मुलगा असाच होता.

सान लोरेन्झोची मुलं

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत पहिलं बालगृह सुरू झालं. नाव होतं कासा देई बाम्बिनी, म्हणजे मुलांचं घर. एका बांधकाम संस्थेने तिथल्या पडीक चाळी दुरुस्त केल्या होत्या. आई-बाप कामावर गेले की लहान पोरं जिन्यात हुंदडायची, भिंती खराब करायची. मग या पोरांना एका खोलीत सांभाळायला कुणीतरी हवं, एवढाच संस्थेचा हेतू होता. पन्नासेक मुलं होती. मारिया यांनीच पुढे त्यांचं वर्णन रडकी, बुजरी आणि कुपोषित असं केलंय.

पालकांसाठी नियम साधे होते. मुलाला अंघोळ घालून, स्वच्छ कपड्यात पाठवायचं. आईने शिक्षिकेला नियमित भेटायचं. फी नव्हती. मुलांच्या उंचीची टेबलं-खुर्च्या केल्या गेल्या. मुलं हात धुवायला, केस विंचरायला, झाडायला, पुसायला शिकली. पाटी-पुस्तक नंतर आलं. आधी आली ती रोजच्या जगण्यातली कामं.

इथली बिस्किटांची हकिगत प्रसिद्ध आहे. पाहुण्यांनी मुलांसाठी वेगवेगळ्या आकारांची बिस्किटं आणली. मुलं त्यावर तुटून पडतील, असं सगळ्यांना वाटलं. पण मुलांनी बिस्किटं हातात घेऊन आधी त्यांचे आकार ओळखायला सुरुवात केली. हा गोल, हा चौकोन. मारिया यांना यातून दिसलं, की मुलाला खाऊचं आमिष दाखवूनच कामाला लावावं लागतं ही मोठ्यांची समजूत आहे. बक्षीस म्हणून गोळी आणि शिक्षा म्हणून उपाशी ठेवणं, या दोन्ही गोष्टी त्यांच्या शाळेत उरल्या नाहीत.

भूकंपातली अनाथ मुलं

२८ डिसेंबर १९०८ रोजी इटलीच्या दक्षिणेला मेस्सिना शहर भूकंपाने जमीनदोस्त झालं. हजारो माणसं गेली. ढिगाऱ्यातून वाचलेली साठेक मुलं रोममधल्या एका मठात आणली गेली. त्यांना ना स्वतःचं नाव सांगता येत होतं, ना घर. ती गप्प बसून असायची. नीट जेवत नव्हती, रात्री झोपत नव्हती, मध्येच किंचाळून उठायची.

तिथे माँटेसरी पद्धतीने बालगृह सुरू झालं. मुलांसाठी छोटी टेबलं, रंगीत कापडं, फुलं आणली गेली. टेबल मांडायचं कसं, ताट धरायचं कसं, शेजाऱ्याला वाढायचं कसं, हे मुलांना शांतपणे शिकवलं गेलं. हळूहळू मुलं त्यात रमली. कामात जीव लागला तसं जेवणही जाऊ लागलं, झोपही परतली. काही दिवसांनी तीच मुलं बागेत धावू लागली, सामान उचलून झाडाखाली नेऊन पंगत मांडू लागली.

जे मूल जेवत नाही, त्याच्या तोंडात घास कोंबून उपयोग नसतो. आधी त्याच्या मनाला बरं वाटावं लागतं. मेस्सिनाच्या मुलांनी हे दाखवून दिलं.

लहान मुलाचं जेवण म्हणजे मोठ्यांचं अर्धं ताट नव्हे

१९०९ मध्ये मारिया यांचं पहिलं मोठं पुस्तक निघालं. शिक्षणावरच्या त्या पुस्तकात त्यांनी मुलांच्या आहारावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्या मुळात डॉक्टर, म्हणून त्यांचा मुद्दा सरळ होता. लहान मुलाचं औषध म्हणजे मोठ्यांच्या औषधाचा छोटा डोस नसतो. तसंच लहान मुलाचं जेवण म्हणजे मोठ्यांच्या ताटातलं थोडंसं, असंही नसतं. मुलांची चावायची ताकद कमी, पचन नाजूक आणि वाढ मात्र जोरात. म्हणून त्यांचं अन्न वेगळं विचार करून शिजवायला हवं.

त्यांच्या सांगण्याचा गाभा असा होता :

मऊ शिजवलेलं, बारीक केलेलं अन्न द्यावं. सूप, घट्ट वरणासारखे पदार्थ, दूध, ताजी अंडी, लोणी यांना त्यांनी महत्त्व दिलं. मुलाच्या अन्नात स्निग्ध पदार्थ आणि गोड पुरेसं असावं, कारण त्यातून वाढीला बळ मिळतं.

दारू, कॉफी आणि चहा लहान मुलांना पूर्ण वर्ज्य. इटलीत त्या काळी घरातल्या पोरांनाही वाईनचा घोट दिला जाई. आपल्याकडे सकाळी उठल्याबरोबर पोराला चहा-बटर दिलं जातं, तसंच ते होतं.

सगळ्यात जास्त भर त्यांनी दिला तो वेळेवर. मूल सतत खात राहिलं की चांगलं वाढतं, असं तिथल्या आयांना वाटायचं. पावाचा तुकडा दिवसभर पोराच्या हातात. मारिया यांनी या समजुतीला साफ विरोध केला. मोठ्यांपेक्षा लहानांच्या पोटाला ठरलेल्या वेळेची जास्त गरज आहे आणि अधल्यामधल्या वेळेत खाणं नको, असं त्यांनी आयांना बजावलं. दिवसभर चालणाऱ्या बालगृहात त्यांनी दोन वेळा ठरवल्या. दुपारी बाराच्या सुमाराला पोटभर जेवण आणि चार वाजता हलकं खाणं.

गरीब वस्तीत घरी योग्य अन्न मिळेलच असं नाही, म्हणून मुलाच्या आहाराचा मोठा भाग शाळेनेच सांभाळावा, असंही त्यांनी लिहिलं. मूल त्याच चाळीत राहत असेल आणि जिना चढून घरी जेवायला जाऊ शकत असेल, तरीही शाळेतच जेवण असावं, असं त्यांचं मत होतं. श्रीमंतांच्या मुलांनाही हेच लागू. पैसा असला म्हणून मुलाला काय खाऊ घालावं हे कळतंच असं नाही.

त्यांचं सगळंच आज जसंच्या तसं लागू होत नाही. कच्च्या भाज्या लहान मुलांना देऊ नयेत, असं त्यांनी लिहिलं होतं. आज स्वच्छ धुतलेली काकडी, गाजर, टोमॅटो द्यायला डॉक्टर सांगतात. गोडाचं प्रमाणही आज कमी ठेवायला सांगितलं जातं. काळ बदलला, विज्ञान पुढे गेलं. पण वेळ, मऊपणा आणि चहाची बंदी या तीन गोष्टी आजही तितक्याच खऱ्या आहेत.

चार वर्षांचे वाढपी

माँटेसरी बालगृहातलं जेवण पाहायला लोक मुद्दाम येत. चार वर्षांची मुलं टेबलावर कापड अंथरत, ताटं-चमचे मांडत, गरम सूपाचं भांडं दोन्ही हातांनी धरून टेबलाटेबलावर फिरत आणि थेंब न सांडता वाढत. भांडी काचेची, चिनीमातीची. फुटली तर? फुटू द्या, असं मारिया यांचं म्हणणं. पत्र्याच्या ताटलीला मूल आपटत राहतं. फुटणारी वस्तू हातात असली की ते जपून चालायला शिकतं.

अगदी लहान मुलाला चमचा, जरा मोठ्याला काटा-सुरी. कपड्यावर न सांडता, शेजाऱ्याला त्रास न देता जेवायचं. जेवणापूर्वी छोटी प्रार्थना. वाढणाऱ्या मुलाने सगळ्यांचं झाल्यावर बसायचं. यात शिस्त होती, पण आरडाओरडा नव्हता. मोठ्यांनी मुलाचं काम हिसकावून घेऊ नये, हा नियम शिक्षकांसाठी होता. लवकर आवरावं म्हणून बाई भराभर घास भरवत सुटली, तर मूल हाताने जेवायला शिकणार कधी, हा त्यांचा सवाल होता.

कुठे जागा असेल तिथे बाग आणि कोंबड्या, कबुतरं असावीत, असंही त्यांना वाटे. स्वतः लावलेलं रोप, स्वतः गोळा केलेलं अंडं मूल जास्त आवडीने खातं.

युद्ध, मद्रास आणि नगर

पुढच्या काळात त्यांचं नाव जगभर झालं. इटलीत मुसोलिनीच्या राजवटीने आधी त्यांच्या शाळांना पाठिंबा दिला, नंतर खटके उडाले आणि शाळा बंद पडल्या. त्या स्पेनला गेल्या. १९३६ मध्ये तिथे यादवी पेटली, म्हणून हॉलंडला आल्या. सोबत होता मारिओ, आता त्यांचा उजवा हात.

१९३९ च्या नोव्हेंबरमध्ये दोघं मद्रासला आले. अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीने त्यांना बोलावलं होतं. सुमारे तीनशे शिक्षक त्यांच्या वर्गाला जमले. काही महिन्यांचा मुक्काम ठरला होता. पण १० जून १९४० रोजी इटली युद्धात उतरली आणि हिंदुस्थानातले इटालियन नागरिक ब्रिटिशांच्या लेखी शत्रू ठरले. मारिओला पकडून अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आलं. मारिया यांना अड्यारच्या आवारातच राहण्याचं बंधन आलं.

वय सत्तरीला टेकलेलं. परका देश, भाषा येत नाही, आणि दुभाष्याचं काम करणारा मुलगा शेकडो मैलांवर नगरला कैदेत. त्यांना पुन्हा एकदा लेकापासून तोडलं गेलं होतं.

३१ ऑगस्ट १९४० हा त्यांचा सत्तरावा वाढदिवस. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून सरकार त्यांचा मुलगा त्यांना परत देत होतं. त्या तारेत मारिओचा उल्लेख भाचा किंवा मानलेला असा नव्हता, सरळ मुलगा असाच होता. जी ओळख मारिया यांना बेचाळीस वर्षं उघडपणे देता आली नव्हती, ती अशी सरकारी कागदावर आली. मारिओ नगरहून सुटला. त्यानंतर मायलेकांनी कोडाईकनालला आणि इतरत्र वर्ग घेतले. त्यांच्या हाताखाली हजारावर भारतीय शिक्षक तयार झाले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ते युरोपला परतले आणि १९४७ मध्ये पुन्हा भारतात आले.

बोर्डी, कोसबाड आणि अंगण

माँटेसरी यांचा विचार मात्र त्या येण्याआधीच इकडे पोचला होता. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं. त्यांच्यासोबत काम करायला गेल्या मराठी मुलुखातल्या ताराबाई मोडक. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पण ताराबाईंना एक गोष्ट खटकत होती. ही महागडी साधनं, टेबलं-खुर्च्या खेड्यात कुठून आणायची?

१९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच मुलांच्या अंगणात जावं, असं त्यांनी ठरवलं. शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. अंघोळ घालणं, नखं काढणं, केस विंचरणं यापासून दिवसाची सुरुवात होई. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांमध्ये गेलं. इटलीतलं टेबल इथे सारवलेलं अंगण झालं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून रोज किती कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत, याचा सरकारी निकष आहे. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी दिली जातात.

ताट भरलं, पण वेळ?

६ मे १९५२ रोजी हॉलंडमधल्या नूर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी मारिया माँटेसरी यांचं निधन झालं. वय होतं ८१. अखेरच्या वेळी मारिओ जवळ होता. मृत्युपत्रात त्यांनी त्याला आपला मुलगा म्हणूनच सर्व काही सोपवलं. त्यांना तिथेच, त्या गावातच दफन करण्यात आलं.

रोमच्या त्या वस्तीत पावाचा तुकडा दिवसभर पोराच्या हातात असायचा. आज गावच्या टपरीवर पाच रुपयांचं चटपटीत पाकीट लटकलेलं असतं. पोर रडलं की पाकीट, पाहुणा आला की पाकीट, शेतात नेलं की पाकीट. मग दुपारी अंगणवाडीत गरम खिचडी समोर आली तरी ते मूल दोन घास खाऊन उठतं आणि घरी सांगितलं जातं की आमचं पोर जेवतच नाही. मूल जेवत नाही असं नाही. त्याची भूक आधीच मारलेली असते.

यासाठी जास्तीचा पैसा लागत नाही. जेवणाआधी दोन तास पाकीट नको. सकाळी चहाऐवजी दूध, नाहीतर पेज. वरणात भाकरी कुस्करून मऊ केलेली. ताट मुलाचं वेगळं. थोडं सांडलं तरी चालेल, पण घास त्याच्या हाताने. मोबाइल बाजूला. आणि जमेल तेव्हा घरातलं एक मोठं माणूस त्याच्या शेजारी जेवायला बसलेलं. आपल्या लेकराशेजारी बसून जेवण्याचं हे सुख मारिया माँटेसरी यांना पंधरा वर्षं मिळालं नव्हतं.